वाट कुठं मोडली?

शिक्षणाच्या वाटेबद्दल या महिन्यात आलेली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रानं निम्मी जागा खाल्ली. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. यंदा आमचा दहावीचा निकाल ९७ टक्के लागला. चौकात फ्लेक्स लागला, पेढे वाटून झाले. मग संस्थेच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, ‘बाई, सहा वर्षांपूर्वी ज्यांचा असाच फ्लेक्स लावला होता, ती पोरं आज कुठं आहेत?’ मला चार-पाच नावांपलीकडे काही सांगता येईना. शाळेत एक लिपिक आहेत आणि चालू स्थितीतला एक कॉम्प्युटर. अशा शाळेनं माजी विद्यार्थ्यांचा माग कसा ठेवायचा?

उत्तर : मॅडम, आधी त्या सदस्यांना माझा नमस्कार सांगा. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मी ३१ वर्षं गणित शिकवलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नाही.

पडला तो विट्याच्या बसस्टँडवर, २०१३ साली. कापडदुकानात कामाला असलेली एक मुलगी हातात डबा घेऊन गाडीची वाट बघत होती. माझ्या २००९ च्या दहावीच्या तुकडीतली, गणितात वर्गात पहिली. मी हौसेनं विचारलं, ‘आता कुठल्या वर्षाला गं?’ ती म्हणाली, ‘सर, फर्स्ट इयरलाच सोडलं.’ का सोडलं, तर ‘घरची परिस्थिती’. हे उत्तर सगळेच देतात आणि आपणही मान हलवून मोकळे होतो. गाडीला वेळ होता, म्हणून मी उगाच विचारलं, ‘कुठल्या महिन्यात सोडलंस?’ यावर मात्र ती चटकन बोलली. ‘ऑगस्टात. सकाळची सहाची गाडी बंद झाली तेव्हा.’

तिच्या गावातून त्या गाडीनं पाच मुली कॉलेजला जायच्या. लेक्चर साडेसातला आणि पुढची गाडी साडेनऊला. दोघींच्या घरच्यांनी तालुक्याला खोली घेऊन दिली, तिघी घरी बसल्या. घरची परिस्थिती म्हणजे नेमकं काय, तर ही एक गाडी होती. ती बंद झाली तेव्हा आमच्या शाळेत कुणाला पत्ताही नव्हता. आमच्या दृष्टीनं त्या पाचही जणी केव्हाच ‘लागलेल्या’ होत्या, भिंतीवरच्या यादीत.

त्या रात्री मी २०० पानी वही काढली आणि त्या तुकडीची ५८ नावं एकाखाली एक लिहिली. रकाने आखले : शेवटचं कुठं शिकला, कुठल्या वर्षी सोडलं, कुठल्या महिन्यात, त्या महिन्यात घरी-दारी काय झालं. ‘आता काय करतो’ हा रकाना मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला. तो आधी विचारला की माणूस लाजतो, नाहीतर फुशारकी मारतो. महिना विचारला की त्याला आठवायला लागतं, आणि आठवता आठवता तो खरं बोलून जातो.

वही भरत गेली तसं एक दिसायला लागलं. मी आयुष्यभर परीक्षेच्या भीतीबद्दल भाषणं दिली, पण शिक्षण सोडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त नावांपुढं मार्च नव्हता. जून, जुलै, ऑगस्ट होते. नापास होऊन बाहेर पडलेले कमी. पास झालेले आणि पुढच्या दारापर्यंत न पोचलेले जास्त. एकाचं नॉन-क्रीमिलेअर वेळेत निघालं नाही. एकीच्या बहिणीचं लग्न नेमकं प्रवेशाच्या आठवड्यात आलं. एकानं जात पडताळणीचा अर्ज अकरावी सायन्सलाच करायचा असतो हे बारावीच्या निकालानंतर ऐकलं, मग राखीव जागा गेली आणि पूर्ण फी झेपली नाही. हुशारीचा यात कुठंच संबंध नव्हता.

मोठा शोध लावला असं वाटून मी काही दिवस खुशीत होतो. मग अमेरिकेत असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं फोनवर शिकागोची हकिगत सांगितली. शिकागो विद्यापीठातली एक संशोधकांची संस्था १९९० पासून त्या शहरातल्या सरकारी शाळांच्या मागावर आहे. तिथलं हायस्कूल नववी ते बारावी असतं. २००५ मध्ये एलेन अलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन या दोघांनी दाखवून दिलं की मुलगा चार वर्षांत हायस्कूल पुरं करणार की नाही, हे त्याच्या आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा नववीच्या वर्षावरून जास्त बरोबर कळतं. नववीत पुरेशा विषयांत पास असेल आणि मुख्य विषयांत सत्राच्या निकालात एकाहून जास्त वेळा नापास नसेल, तर मुलगा ‘रुळावर’ धरायचा. रुळावर असलेल्यांपैकी ८१ टक्के वेळेत पास झाले. रुळावरून घसरलेल्यांपैकी फक्त २२ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेनं आणखी पुढचं बघितलं : नववीत आलेल्या १०० मुलांपैकी पंचविशीच्या आसपास चार वर्षांची पदवी किती जणांच्या हाती पडते? उत्तर आलं ६. नंतर हिशेबात चूक सापडली तेव्हा त्यांनी ती जाहीर करून आकडा ८ केला. हे मला फार आवडलं. आपल्याकडे निकालाचा आकडा चुकला म्हणून फ्लेक्स उतरवलेला मी तरी पाहिला नाही.

आता तुमच्या फ्लेक्सकडे येतो, जरा कडू बोलणार आहे. ९७ टक्के कशाचे? दहावीला बसलेल्यांचे. नववीच्या पटावर किती होते? आठवीपर्यंत आपण वर्षानुवर्षं सगळ्यांना पुढं ढकलत आलो, शिक्षणहक्क कायद्याचं छत्रही तिथवरच. पोराला पहिला खरा धक्का नववीत बसतो आणि बऱ्याच शाळा नेमक्या तिथंच चाळणी लावतात. कच्च्या मुलाच्या बापाला ऑफिसात बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असं सुचवलं जातं, म्हणजे तो शाळेच्या निकालात धरला जात नाही. मी हे दुसऱ्यांवर ढकलत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये अशा यादीवर मी स्वतः दोनदा सही केली आहे. त्यातल्या एकाचं नाव आजही आठवतं, कारण तो माझ्या वहीत नाही. दहावीच्या तुकडीची वही करताना तो मुळात तुकडीतच नव्हता.

म्हणून तुमची वही नववीच्या जूनपासून धरा. साधन तुमच्या कपाटात आहेच. जनरल रजिस्टरमधून त्या वर्षी नववीत असलेल्या प्रत्येकाचं नाव उतरवा, गेलेल्यांसकट. मग दाखल्यांचा गठ्ठा काढा. निकालानंतर बहुतेक पोरं पंधरा दिवसांत दाखला नेतात, कारण अकरावीला, आयटीआयला, डिप्लोमाला, सगळीकडे तो लागतो. जुलै संपला तरी जे दाखले कुणी न्यायला आलं नाही, ते तुमचे पहिले फोन. आमच्याकडे असे दाखले लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, रबरबँड लावून पडलेले असायचे. वर्षभरानं रबर तुटायचा, शिपाई नवा लावायचा. त्या गठ्ठ्याकडे मी रोज बघत होतो, पण ती माहिती आहे असं कधी डोक्यात आलं नाही.

सरकारकडे हे सगळं असेलच, असं तुमचे लिपिक म्हणतील. अर्धं आहे. शाळेची मुलं यूडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीत, आता नावनिशीवार असतात, ती बारावीपर्यंत. कॉलेजांची मोजणी वेगळी, २०१०-११ पासूनचं उच्च शिक्षण सर्वेक्षण, आणि तिथं माहिती कॉलेजं पाठवतात. तुमची एखादी सुनीता बारावीतून निघून कुठल्या कॉलेजात गेली, हा धागा दोन्हींच्या मधेच तुटतो. ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या एकाच कायमच्या ओळख क्रमांकानं ही दोन टोकं जोडायचा बेत आहे. जोडली जातील तेव्हा जातील, तुम्ही गठ्ठ्यापासून सुरू करा.

फोन कुणी करायचा, तर ज्या शिक्षकाला पोरं घाबरत नसत त्यानं. मी करायचो तेव्हा निम्मे जण आधी ‘सर, चुकलं का काही?’ असं म्हणायचे.

प्रश्न : तुमच्या त्या वहीबद्दल तुम्ही मागेही लिहिलं होतं. मी नाशिकला सांख्यिकी शिकवतो. माझी शंका अशी की तुमचा फोन उचलतात ते बरं चाललेलेच. ज्यांचं बिनसलं ते उचलणार नाहीत किंवा नंबर बदललेला असेल. मग तुमच्या वहीतून निघणारं चित्र खरं कसं मानायचं?

उत्तर : शंका बरोबर आहे. पहिल्या फेरीत ५८ पैकी ११ जण सापडलेच नाहीत. त्यांच्यापुढं मी मनातल्या मनात ‘गेला वाया’ असं लिहून टाकलं होतं. तुम्ही म्हणता तेच मी धरून चाललो होतो.

आमचा भाग दुष्काळी. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर गेलेली. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करून द्यायची. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत सराफकट्ट्याशेजारच्या बोळात मराठीत ‘अरं ये की’ ऐकू आलं तर बहुधा आमचाच माणूस. ही मंडळी गावी येतात ती दिवाळीला आणि यात्रेला. तर २०१६ च्या यात्रेत मी वही बगलेत मारून पालखीच्या वाटेवर बसलो. बायको म्हणाली, लोक देवाला येतात आणि तुम्ही हजेरी घ्यायला.

अकरापैकी चार सापडले. एक दहावीच्या निकालाच्या आदल्या आठवड्यात चुलत्याबरोबर दक्षिणेत गेला होता. दाखला आमच्याच कपाटात. चार वर्षं भट्टीपुढं मूस धरली, तेजाबाचा वास छातीत भरून घेतला, मग स्वतःचं दुकान टाकलं. त्यानं मला हाताचे तळवे दाखवले, पिवळट-तपकिरी डाग निघत नाहीत म्हणाला. धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी हाच भरत होता. शाळेच्या कागदावर तो गळालेला आणि भाऊ आमच्या फ्लेक्सवर. दुसराही त्याच धंद्यात गेला होता, तो कर्जात अडकून परत आला होता आणि माझ्याशी बोलायचं टाळून प्रसादाच्या रांगेत शिरला. म्हणजे न सापडणारे सगळे बुडालेले नव्हते आणि सगळे तरलेलेही नव्हते. उरलेले सात अजून सापडलेले नाहीत, आणि त्यांच्यापुढचा रकाना आता मी कोराच ठेवतो.

मोठ्या अभ्यासांचीही हीच कसरत असते. ‘यंग लाइव्ह्ज’ नावाचा अभ्यास इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत २००२ पासून सुमारे १२ हजार मुलांच्या मागावर आहे. भारतातली ३ हजार मुलं तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातली, म्हणजे आपल्या नांदेडच्या पलीकडची. त्यांची ताकद सर्वेक्षणाच्या फॉर्मपेक्षा या गोष्टीत जास्त आहे की दर काही वर्षांनी तीच मुलं पुन्हा शोधून काढायची, मग ती लग्न होऊन गेलेली असोत की शहरात मजुरीला. दर वर्षी नवी मुलं मोजली तर किती शिकतात ते कळतं. तेच मूल पुन्हा भेटलं तर कसं सुटलं ते कळतं. तुम्हाला हा फरक शिकवायची गरज नाही, पण हे सदर वाचणारे बाकीचे लोकही आहेत.

एक विनंती. तुमच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवा असतोच. एखाद्या शाळेचे न नेलेले दाखले घेऊन पोरांना गावात पाठवा.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. १०० टक्के नोकरी देणारा कोर्स कुठला ते सांगा. थोडक्यात सांगा.

उत्तर : थोडक्यात : असा कोर्स नाही. ज्या जाहिरातीत हे शब्द असतील तिथं दहा जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागा, नुसते फोटो नकोत.

थोडं लांबवतो, कारण तुमची भीती खोटी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. यावरून पदवी घेऊ नये असा अर्थ काढणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ आहेत. निरक्षर पोराला बेकार बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. पदवीधराच्या घरात दोन-चार वर्षं वाट बघण्याइतकी भाकरी असते. ती वर्षं आमच्याकडे पोलीस भरतीच्या मैदानावर आणि एमपीएससीच्या अभ्यासिकेत जातात. तेव्हा मुलाशी कोर्सइतकंच हेही बोला की कोर्स संपल्यावर घर त्याला किती महिने थांबू शकतं. आकडा आत्ताच ठरवा, मोठ्यानं.

प्रश्न : सर, माझी मुलगी यंदा ८८ टक्क्यांनी दहावी पास झाली. मराठी माध्यम. तिला सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा आहे, ते आमच्या गावापासून ४० किलोमीटरवर. यजमान म्हणतात, आधी गावातच अकरावी-बारावी सायन्स कर, सीईटी दे, मग बघू. सासूबाई म्हणतात आर्ट्‌स घे, लवकर डीएड होईल. मला स्वतःला काही कळत नाही, मी नववी शिकलेली आहे.

उत्तर : ताई, सासूबाईंचं आधी मिटवतो. त्यांच्या काळात डीएड झालेली सून म्हणजे घरात पगार, हे खरं होतं. पुढं डीएड कॉलेजं इतकी निघाली आणि शिक्षक भरती इतकी रखडली की माझ्याच वहीतल्या दोन डीएडवाल्या आज शिवणकाम करतात. तो रस्ता धरू नका. आर्ट्‌स वाईट म्हणून नव्हे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या जवळपास ३५ हजार मुलामुलींना भेटले, आणि अकरावी किंवा त्यापुढं असलेल्यांपैकी ५५.७ टक्के कला शाखेत निघाले. ग्रामीण भागात कला शाखा बहुतेकदा आवडीनं निवडलेली नसते, जवळच्या कॉलेजात तीच असते. त्याच पाहणीत विज्ञानाच्या वाटेला मुलगे ३६.३ टक्के आणि मुली २८.१ टक्के होत्या. तुमची मुलगी स्वतःहून तांत्रिक बाजूला जायचं म्हणते आहे, तर तिला मागं ओढू नका.

आता यजमानांचं. सायन्स करून सीईटी देणं हा नेहमीचा रस्ता आहे, चुकीचा नाही. पण त्यांना एक विचारा. बारावी सायन्स झाली आणि सीईटीत गुण पडले नाहीत, तर हातात काय राहतं? बारावीचं मार्कशीट. डिप्लोमाला तीन वर्षांनी हातात पदविका असते. तिच्यावर नोकरी धरता येते, नाहीतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वर्षं जवळपास सारखीच लागतात. घरात पैशाची किंवा दुखण्याची अडचण मधेच आली, तर कुठल्या वाटेवर पोरगी रिकाम्या हातानं थांबणार नाही, हे मी आधी बघतो.

अडचण दुसरीकडे आहे आणि ती मुलीला आत्ताच सांगा. मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेलेली पोरं पहिल्या सत्रात आपटतात. गणित तेच असतं, पण ‘वर्तुळाची त्रिज्या’ अचानक ‘रेडियस’ होते आणि शिकवणारा थांबत नाही. माझी एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत जायचं नाही म्हणूनच. दोन विषय राहिले होते. तिच्या भावानं गणिताच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मराठी-इंग्रजी शब्दांची यादी करून दिली, साठ-सत्तर शब्द असतील. ती परत गेली. पुढं वर्कशॉपच्या फाईलवर मास्तरांनी ‘नीट’ असा शेरा दिला म्हणून मला फोन केला होता. तुमच्या मुलीनं ही यादी जूनमध्येच करावी.

पैशाचं : बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, म्हणून गावाकडच्या घरांना अकरावी-बारावी स्वस्त वाटते. डिप्लोमाच्या मुलीला पास कसा आणि कितीला बसेल, ते आगारात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. सकाळची पहिली गाडी किती वाजता आणि ती पावसाळ्यात नियमित असते का, हेही विचारा. का, ते पहिल्या उत्तरात आलंच आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम आणि तुमचा प्रवर्ग त्यात बसतो का, ते तंत्रनिकेतनाच्या खिडकीवर विचारून घ्या. खोली आणि मेस मात्र यात येत नाही, आणि घरं मोडकळीला येतात ती मेसच्या बिलानंच. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीची कागदपत्रं या आठवड्यात काढायला टाका. नववी शिकलेल्या बाईला तहसीलच्या रांगेत उभं राहता येतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

प्रश्न : सर, मी अकरावी सायन्सला नापास झालो. दहावीला ७४ टक्के होते. सगळे मित्र बारावीत गेले. मला सायन्स कधीच आवडलं नव्हतं, मामांनी घ्यायला लावलं. मला वायरिंग जमतं, गल्लीतली तीन घरं मीच केलीत. आयटीआय केलं तर लोक म्हणतील नापास झाला म्हणून गेला. वर्ष फुकट गेलं का?

उत्तर : अरे, लोक म्हणतीलच. साधारण दिवाळीपर्यंत म्हणतील, मग त्यांच्या घरातला पंखा बंद पडेल.

तुझ्या पत्रात कामाची ओळ ‘तीन घरं मीच केलीत’ ही आहे आणि तू ती सहज लिहून गेलास. आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, अकरावीच्या नापासाला तिथं कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तो झाला की १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते आणि तेव्हा विद्यावेतनही मिळतं. पुढं शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. मामांना हे शेवटचं वाक्य दाखव, त्यांना त्यात रस असेल.

तुझ्यासारखा निर्णय घेणारे फार नाहीत. ‘असर’च्या ज्या पाहणीबद्दल वर लिहिलं, तिच्यात कुठलंही व्यावसायिक प्रशिक्षण घेणारे फक्त ५.६ टक्के होते. हाताला कौशल्य असलेली कितीतरी पोरं नावडत्या शाखेत बसून राहतात, कारण बाहेर पडलं तर नापास ठरू अशी भीती. माझ्या वहीत एक जण सायन्सच्या बारावीला तीनदा बसला. चौथ्या वर्षी त्यानं वेल्डिंग धरलं. त्याला विचारलं, आधी का नाही आलास? तर म्हणाला, ‘सर, कुणी विचारलंच नाही काय येतं म्हणून. टक्केच विचारले.’ विचारायला हवं होतं ते मी, मीच त्याचा वर्गशिक्षक होतो.

वायरिंग करताना एक मात्र सांभाळ. अर्थिंग न तपासता कुणाच्या घरचा बोर्ड चालू करून देऊ नकोस. शिकलेला नाहीस तोवर एकट्यानं मेन स्विचला हात लावायचा नाही.

आणि आज-उद्यात कॉलेजात जाऊन दाखला काढ. आयटीआयची ऑनलाइन नोंदणी दहावीच्या निकालानंतर सुरू होते, तारखा रोज बघ, फेऱ्या चुकवू नकोस. दाखल्यावर अकरावीबद्दल काय शेरा लिहिलाय आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळते का, ते खिडकीवर उभ्या उभ्याच वाच. घरी येऊन चूक दिसली तर तो बदलून मिळायला पंधरा दिवस जातात आणि तेवढ्यात फेरी निघून जाते.